गप्प घंटेची हंडी

सरांनी माझ्या पोटात लेकीचं कानाचं यंत्र ठेवलं आहे, हे मला मुळीच पसंत नाही. ठेवायचं तर ठेवा, माझं पोट आजवर कधी रिकामं राहिलेलं नाही. पण रोज सकाळी खुर्ची ओढून समोर बसायचं, चष्मा पुसायचा, पुन्हा डोळे पुसायचे, पुन्हा चष्मा पुसायचा, आणि मला विचारायचं, "शेवटी काय म्हणाली असेल गं ती?" ही कुठली रीत? मी काय जुन्या वस्तूंचं कपाट आहे, की माझ्याशी मनातलं बोलावं? ज्या बाईबद्दल विचारता ती गेली. पण ती काय म्हणाली हे जिला ठाऊक आहे ती जिवंत आहे, धडधाकट आहे, तुमच्याच पोटची आहे. तिला विचारायचं सोडून काचेला विचारता?

असो. आधी ओळख करून देते, नाहीतर म्हणाल की म्हातारी आल्या आल्या भांडायलाच लागली.

मी एक जुनी काचेची हंडी आहे. स्वयंपाकघरातली नव्हे, शाळेच्या प्रयोगशाळेतली. मित्रांनो, 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते, वयाने तुम्ही माझी पतवंडं शोभाल. माझा आकार पालथ्या घातलेल्या मोठ्या भांड्यासारखा. वर एक आखूड मान, मानेत रबरी बूच, आणि खालची कड इतकी सपाट घासलेली की लोखंडी बैठकीवर ठेवली तर मुंगीला आत शिरायला जागा नाही. काचकाम करणाऱ्या एका माणसाने गाल फुगवून मला फुंकलं. त्याच्या श्वासातून मी जन्माला आले, आणि पुढे जन्मभर लोक माझ्या पोटातला श्वास काढून घेत राहिले. नशीब म्हणतात ते हेच.

श्वास काढून घ्यायचं काम आमच्या पंपाचं. हा माझ्या शेजारी बसायचा. दांडा वरखाली केला की धापा टाकत माझ्या पोटातली हवा ओढायचा, आणि काम झालं की तेल मागत बसायचा. पुरुषाची जात. माझ्या पोटात रबराच्या दोऱ्यांनी एक विजेची घंटा टांगलेली असायची. भारी तोंडाळ. बटण दाबलं की जी सुरू व्हायची, ती बटण सोडेपर्यंत कुणाला बोलू द्यायची नाही. असं आमचं कुटुंब होतं. मी शाळेत जन्म काढला पण एक यत्ता पास झाले नाही. तरी जे रोज डोळ्यांसमोर घडतं ते ढ माणसालाही कळतंच. मी तर काच आहे, माझ्यातून सगळं आरपार दिसतं.

सर विज्ञान शिकवायचे. तरुण होते, शर्टाच्या बाह्या दुमडून यायचे. दर वर्षी नव्या वर्गापुढे मला टेबलाच्या मधोमध ठेवायचे आणि घंटा सुरू करायचे. घंटेचा कलकलाट सुरू झाला की मुलं कानावर हात ठेवायची. मग सर पंपाचा दांडा मारायला लागायचे. हवा निघू लागली की घंटेचा आवाज बारीक व्हायचा, लांबच्या रस्त्यावरून आल्यासारखा, मग डास गुणगुणल्यासारखा, आणि मग नाहीच. माझ्या पोटात टोला मात्र थाडथाड बसतच असायचा. घंटा जीव तोडून बोलत असायची आणि कुणाला काही ऐकू यायचं नाही. तिला गप्प बसवणारा तेवढा एकच उपाय होता.

"घंटा थांबली का?" सर विचारायचे.

"नाही सर, वाजतेय."

"कशावरून? ऐकू येतंय?"

"दिसतंय सर."

"हां." सरांचं बोट वर व्हायचं. "मग मला सांगा, आवाज आतच अडकला आणि उजेड कसा बाहेर आला? मधे तर मी काहीच ठेवलं नाही."

मग सर सांगायचे, आणि काय सुंदर सांगायचे. ते म्हणायचे, लाट म्हटली की आपल्याला वाटतं, ती कशात तरी असणार. पाण्याची लाट पाण्यात, दोरीची दोरीत, आवाजाची हवेत. जुन्या काळची मोठमोठी शिकलेली माणसंही असंच म्हणायची. सूर्य आणि आपण यांच्यामध्ये हवा नाही, पाणी नाही, तरी उजेड येतो. म्हणजे मधे काहीतरी भरलेलं असणारच, नाही कसं? त्या न दिसणाऱ्या वस्तूला त्यांनी ईथर असं नावसुद्धा देऊन टाकलं. बारशाला बाळ नाही आणि नाव तयार. पुष्कळ शोधलं. सापडलं नाही. कारण उजेडाला ते लागतच नव्हतं.

"मग सर, ती लाट कशाची?" एखादी चुणचुणीत पोर विचारायची.

"विजेची आणि चुंबकाची," सर म्हणायचे. "वीज हलली की शेजारी चुंबकाचा जोर उठतो. तो बदलला की पुढे विजेचा जोर उठतो. ही तिला उठवते, ती हिला उठवते, आणि दोघी मिळून पुढे जातात. तिसऱ्याच्या खांद्याची त्यांना गरज नाही."

मला हे पहिल्याच वर्षी समजलं. दोन जावांचं भांडण बघितलेल्याला ते समजायला वेळ लागत नाही. एकीच्या शब्दाने दुसरी उठते, दुसरीच्या शब्दाने पहिली, आणि सासू घरात नसली तरी भांडण गल्लीच्या टोकापर्यंत जातं. उजेड, शेगडीची लांबून लागणारी ऊब, रेडिओची गाणी, हाडांचे फोटो काढणारे किरण, ही सगळी एकाच घरातली भावंडं, असं सर सांगायचे. पुढे फोन आले तेव्हा सरांनी माझ्या पोटात फोन ठेवला, हवा काढली आणि बाहेरून कुणाला तरी तो लावायला सांगितला. फोन उजळला. घंटी ऐकू आली नाही, पण निरोप आला. "बघा," सर म्हणाले, "पोकळीला दार नसतं. आवाजाला ती भिंत वाटते, उजेडाला ती मोकळा रस्ता वाटते."

मुलं टाळ्या वाजवायची. मी फुगायचे. शाळेत तपासनीस आले, पाहुणे आले, की सर माझ्यावरचं फडकं काढायचेच. माझ्याइतका मान तराजूला नाही, भिंगालाही नाही.

अशात सरांना मुलगी झाली. तिला सगळे चिमी म्हणायचे. चिमी बोलायच्या वयाची झाली तरी बोलेना. ताट पडलं तरी वळून बघेना. तिला ऐकू येत नव्हतं.

सर हादरले, पण हातपाय गाळून बसणारा माणूस नव्हता तो. त्यांनी ते यंत्र आणलं, छातीला पट्ट्याने बांधायचं, त्यातून दोन वायरी कानात. शाळा सुटली की चिमीला प्रयोगशाळेत घेऊन यायचे. तिच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची आणि 'प' म्हणायला लावायचं. श्वास नीट लागला की पट्टी थरथरायची. मग 'ब'. मग 'बाबा'. 'बाबा' तिला आलं, कारण ओठ मिटताना दिसतात. पहिल्यांदा तिने ते म्हटलं तेव्हा सरांनी तिला उचललं आणि माझ्याभोवती दोन चकरा मारल्या. तो आनंद मी बघितलेला आहे, म्हणून माझ्या तोंडून सरांबद्दल खोटं येणार नाही. त्यांचं पोरीवर प्रेम होतं. भरपूर होतं.

पण चिमीचे हात ऐकेनात. शब्द अडला की हात उठायचे. सर म्हणायचे, "हात खाली." पुन्हा उठायचे. मग सरांनी नियम केला. बोलण्याचा अभ्यास असला की हात मांडीखाली, स्वतःच्या हातांवर बसायचं. जेवतानाही, घास घेऊन झाला की हात मांडीखाली. लेकराचं तोंड 'प' म्हणायला वाकडं व्हायचं आणि मांड्यांखाली बोटं वळवळायची. मला दिसायचं. सरांना पट्टीच दिसायची.

सरांच्या बायकोला मी सूनबाई म्हणते. ती डबा घेऊन यायची. एकदा तिने सरांना सरळ विचारलं, "अहो, पोरीच्या हातांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"जग तोंडाने बोलतं," सर म्हणाले. "उद्या आपण नसलो की हिच्याशी हातांनी कोण बोलणार?"

"आणि आपण असताना कोण बोलणार?"

सरांनी डबा उघडला. प्रश्न अवघड आला की जेवायला सुरुवात करायची, ही त्यांची जुनी सवय.

सूनबाई हुशार. मागच्या गल्लीत एक शिंपीण राहायची, तिला ऐकू येत नव्हतं, आणि ती व तिचा नवरा हातांनीच बोलायचे. 'कपडे शिवायला टाकते' म्हणून सूनबाई चिमीला घेऊन तिच्याकडे जायला लागली. वर्षानुवर्षं जात होती. तेवढ्या काळात घरात एक नवा कपडा आला नाही, हे सरांच्या लक्षात आलं नाही. विज्ञानाचा माणूस, पण निरीक्षण फक्त शाळेत.

मायलेकी प्रयोगशाळेत सरांची वाट बघत बसायच्या आणि हातांनी बोलायच्या. सुरुवातीला मला वाटलं, माश्या हाकलताहेत. हळूहळू मला उमगायला लागलं. ही भूक, ही शाळा, हा बाबांचा चष्मा, ही बाबांची चाल. बाबांची चाल करून दाखवताना तर दोघी हसून बेजार व्हायच्या. मी चार भिंतींच्या आत राहूनही ती भाषा शिकले. मला हात नाहीत, पाय नाहीत, गाव नाही. नुसतं बघत राहिले, एवढंच.

एके दिवशी सर वर्गासाठी तयारी करत होते. घंटा सुरू होती. चिमीने सहज माझ्या अंगावर तळहात टेकवला आणि दचकली. घंटेची थरथर काचेतून तिच्या हाताला लागत होती. सर दांडा मारायला लागले. थरथर कमी झाली, अजून कमी झाली, आणि तिच्या हाताखाली मी गार, गप्प झाले. ती वाकून आत बघत होती. टोला तर बसतच होता. तिने आईकडे वळून हातांनी सांगितलं, "ती बोलायची थांबली, पण नाचतेय." आणि मग तिने मला नाव दिलं. डाव्या हाताची ओंजळ पालथी, तिच्याखाली उजव्या हाताचं एक बोट हलणारं. म्हणजे मी. एवढ्या वर्षांत मला कुणी नाव ठेवलं नव्हतं. यादीत माझ्या नावासमोर 'एक नग' असं लिहिलेलं होतं.

सर म्हणाले, "चिमे, हात खाली."

मग विज्ञान प्रदर्शनाचा दिवस आला. मोठं दालन, पालक, पाहुणे, गोंगाट. सरांच्या मनात होतं की हवा निघाली की चिमीने सगळ्यांसमोर म्हणायचं, 'आवाज थांबला.' महिनोन्‌महिने घोटून घेतलं होतं. चिमी उभी राहिली, छातीवर यंत्र, हात अंगाशी दाबलेले. सरांनी खूण केली. तिने म्हटलं. पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की तो केवढा निघतो ते कसं कळणार? तो फार मोठा निघाला, आणि घासल्यासारखा. पुढच्या रांगेतली पोरं हसली. मग मागची हसली. काही मोठी माणसंही तोंडावर हात ठेवून हसली, ज्यांनी हसू नये एवढी ती मोठी होती.

चिमीला हसू ऐकू आलं नाही. तोंडं दिसली.

तेव्हा तिचे हात सुटले. तिने सगळं हातांनी सांगितलं, पहिल्यापासून, घंटा कशी बडबडते, हवा कशी पळते, काच कशी गार होते, आत टोला कसा एकटा नाचत राहतो. त्या गोंगाटात दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला सूनबाई गर्दीत उभी होती. तिने तिथून हात वर करून उत्तर दिलं, "छान. अगदी असंच आहे." मधे एवढी माणसं बोलत होती, खुर्च्या सरकत होत्या, कुणाला कुणाचं ऐकू जात नव्हतं. पण आईचा शब्द न सांडता लेकीपर्यंत पोचला.

सरांनी पुढे येऊन चिमीचे दोन्ही हात धरले आणि खाली दाबले. रागाने नाही. लाजेने. चेहरा कोरा ठेवून, पाहुण्यांकडे बघत. त्या दिवसापासून चिमी प्रयोगशाळेत आली नाही.

पोर वाढली, शिकली, दुसऱ्या शहरात गेली. तिने स्वतःच नवरा शोधला. त्यालाही ऐकू येत नाही. तो छापखान्यात आहे. तिथे यंत्रांच्या खडखडाटात बाकीचे एकमेकांच्या कानात ओरडतात आणि आमचा जावई लांबूनच हातांनी सगळ्यांच्या गमती सांगतो. सूनबाई म्हणायची, "अख्ख्या छापखान्यात त्यालाच काय ते नीट बोलता येतं."

शाळेत पडदे आले, पडद्यावर प्रयोग दिसायला लागले, आणि मी माळ्यावर गेले. पंप भंगारात गेला. घंटा कुणी नेली माहीत नाही. तिघांचं घर होतं आमचं, निरोप न घेता मोडलं. मुलांनो, वस्तू जुनी झाली म्हणून टाकू नका असं मी तुम्हाला सांगणार होते, पण त्याहून मोठं दुःख पुढे आहे, म्हणून राहू दे. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला मागून घेतलं, घरी आणलं आणि झोपायच्या खोलीत खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं.

तिथून मी त्यांचं घर बघितलं. चिमी महिन्यातून एकदा यायची. सर बोलायचे ते सूनबाईच्या कानात, तिथून तिच्या हातात, तिथून चिमीच्या डोळ्यांत; आणि परत त्याच वाटेने. सरांना वाटायचं, आपण लेकीशी बोलतोय.

"तिला सांग, एवढं बारीक होऊन चालणार नाही. नवऱ्याला स्वयंपाक येत नाही का?"

सूनबाई हातांनी सांगायची, "बाबा म्हणतात, छान दिसतेस."

चिमी हातांनी म्हणायची, "आई, खोटं बोलताना तुझं नाक हलतं."

"काय म्हणते?" सर विचारायचे.

"म्हणते, बाबांची तब्येत सुधारली."

दुभाषी घरचा असला की निम्मं भांडण वाटेतच विरतं. सूनबाई त्या दोघांमधली हवा होती. असेपर्यंत तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही; हवेकडे कुणाचं जातं?

मग तिची छाती बिघडली. संसर्गाचा आजार होता. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लागला, आवाज गेला, दोन शब्द बोलली तर धाप लागायची. चिमी धावत आली, पण तिला दिवस गेलेले. डॉक्टरीण म्हणाली, "खोलीत पाऊल टाकायचं नाही." मग चिमी बाहेर गॅलरीत खुर्ची घेऊन बसायला लागली. बंद खिडकीच्या अलीकडे आई, पलीकडे लेक, मधे काच.

सर म्हणाले, "बंद काचेतून काय बोलणार त्या? बसू दे बिचारीला."

काचेतून काय बोलणार. हे सर म्हणाले. मी फळीवर होते, मला वाटलं आता तडा जातो मला.

त्या किती बोलल्या. सूनबाई उशीला टेकून बसायची आणि मुखवट्याआडून हसायची. बाळाचं नाव, चिमीच्या पाठीचं दुखणं, शिंपीणबाईची गंमत, लोणी कढवताना काय चुकतं, कुणाकडून कोणतं पातेलं परत आणायचं राहिलंय. मरणाच्या वाटेवरची बाई पातेल्याबद्दल बोलते, कारण ज्याच्याशी पातेल्याबद्दल बोलता येतं तेच आपलं माणूस. सर कोपऱ्यात खुर्चीत बसायचे. त्यांना सगळं दिसायचं आणि काही कळायचं नाही.

एका दिवशी सूनबाईला जास्त झालं. डॉक्टरीण सांगून गेली, विश्रांती हवी. दुपार कलली होती. सूनबाईचे हात जड झाले होते तरी ती काहीतरी सांगत होती, चिमी काचेला कपाळ लावून बघत होती. सरांना बायकोची दया आली. खरंच आली. ते उठले, म्हणाले, "अगं, दमलीस. पुरे आता. उद्या बोल." त्यांनी तिचे दोन्ही हात दुलईच्या आत घेतले आणि कडा नीट खोचल्या. मग खिडकीचा पडदा ओढला.

खोलीत अंधार झाला. फळीपाशी पडद्याला एक फट राहिली होती, तेवढ्या उजेडात मला दिसत होतं.

बाहेरून काचेवर थाप पडली. सर दार उघडून गॅलरीत गेले आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "आई झोपतेय. आवाज करू नकोस." आवाज करू नकोस, म्हणे, आणि कुणाला? चिमीने पडद्याकडे बोट दाखवलं, पुन्हा दाखवलं. सरांनी मान हलवली. "उद्या."

इकडे सूनबाईने दुलईतून एक हात सोडवून घेतला होता. सर आत आले तेव्हा तिने तो वर उचलला. मूठ वळली आणि बाजूला नेली, जसं काही ओढून उघडावं. मग खिडकीकडे वळवली. सरांनी बघितलं. म्हणाले, "पाणी?" आणि चमच्याने पाणी आणलं. तिने मान फिरवली आणि पुन्हा तेच केलं, हळू, त्यांना समजावं म्हणून, लहान मुलाला सांगावं तसं. सर म्हणाले, "थोडं घे ना गं." तिसऱ्यांदा हात अर्धाच वर आला.

दिवेलागणीला ती गेली.

बऱ्याच दिवसांनी, माणसं येऊन गेल्यावर, सरांनी चिमीला समोर बसवलं. ओठ मोठे करून म्हणाले, "आईने शेवटी हात असा केला होता." आणि त्यांनी तो करून दाखवला. जन्मात पहिल्यांदा त्या भाषेतला शब्द त्यांच्या हातातून निघाला, तोही वेडावाकडा. "काय म्हणत होती? इथे लिही." त्यांनी कागद पुढे सरकवला.

चिमीला पाहताक्षणी कळलं. तिचा चेहरा मी सांगणार नाही. तिने कागद परत सारला. बाबांसमोर येताना ती अजूनही घालायची ते छातीवरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मग सरांच्या डोळ्यांत बघून आईचा शब्द तिने नीट करून दाखवला, एकदा, दोनदा. पडदा उघडा. पडदा उघडा. सर कागदच पुढे करत राहिले. तिने का लिहिलं नाही? तो राग होता की दया, मला अजून ठरवता आलेलं नाही. ती त्याच दिवशी निघून गेली.

मित्रांनो, आज सकाळची गोष्ट. सरांचा फोन उजळला. चिमी दिसत होती, मांडीवर तान्हं बाळ. एवढ्या लांबून, टॉवरवरून टॉवरवर, मोकळ्या आकाशातून लेक आणि नातवंड सरांच्या तळहातावर येऊन उभं राहिलं होतं. चिमी एका हाताने बाळाला धरून दुसऱ्या हाताने काहीतरी सांगत होती. सर म्हणाले, "हॅलो? चिमे, हॅलो?" आणि त्यांनी फोन कानाला लावला.

कानाला लावला हो.

बऱ्याच वेळाने त्यांनी तो खाली घेतला तेव्हा पडदा काळा झाला होता. मग आले, खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसले आणि रडले. शेवटी काय म्हणाली असेल गं ती, म्हणून.

मुलांनो, तुमच्या घरात कुणाची बोलायची तऱ्हा वेगळी असेल, कुणी हळू बोलत असेल, कुणी अडखळत, कुणी हातांनी, कुणी नुसतं बघून, तर त्याला आपल्यासारखं करायला निघू नका. आधी आपण त्याचं शिका. काळजी म्हणतात ती याला. बाकीचं तुम्ही शाळेत शिकालच, मला आता आमच्या सरांशी बोलायचं आहे.

सर, ऐका. तुम्हाला ऐकू जाणार नाही हे ठाऊक आहे, तरी मी मोठ्याने बोलते, कारण कुणीतरी हे एकदा बोलायला हवं. ती काय म्हणाली ते मला माहीत आहे, आणि मी तुम्हाला सांगणार नाही. ते चिमीच्या हातातूनच तुमच्या डोळ्यांत गेलं पाहिजे. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी तुमचं काळीज फाटेल. तरी शिका. तुमची माया मी नाकारत नाही, ती मी बघितली आहे. पण लेकीने तुमच्यासारखं बोलावं म्हणून तुम्ही तिचं बालपण खर्ची घातलंत, आणि तिच्यासारखं बोलायला स्वतःची एक संध्याकाळही दिली नाहीत. जिला तुम्ही हात खाली ठेवायला लावलेत ती अजूनही तुमच्याकडे हात वर करून बोलतेय. तुमच्यापेक्षा ती मोठी आहे. हा माझा निकाल आहे, आणि तो बदलायचा असेल तर रडून बदलणार नाही.